आजारी हेजहॉगची काळजी : दया आणि माहिती यांचा एक पाठ



"बाई, याला दूध देऊ का?" हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असतो. मधल्या सुट्टीनंतर एखादं मूल दप्तराच्या कप्प्यातून, टोपीतून किंवा ओंजळीतून काहीतरी घेऊन येतं. कधी चिमणीचं पिल्लू असतं, कधी खारीचं. मुलाच्या डोळ्यांत काळजी असते आणि आपल्याकडे उत्तर नसतं. मग आपण म्हणतो, "दे थोडं दूध, ठेव कोपऱ्यात." दुसऱ्या दिवशी ते पिल्लू मेलेलं असतं. मूल रडतं. मुलाची दया खरीच होती, पण तिच्या सोबतीला माहिती नव्हती.

आजचा पाठ याच विषयावर आहे. उदाहरण मात्र आपण थोडं लांबचं, ब्रिटनमधल्या हेजहॉगचं घेणार आहोत. तिथे साधी माणसं गेली कित्येक वर्षं आपल्या बागेत सापडलेल्या आजारी हेजहॉगला मदत करत आली आहेत. आजारी हेजहॉग उचलायला, बरा करायला आणि परत सोडायला तिथे वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे कशाने जीव वाचतो आणि कशाने जातो, याचा अनुभव तिथे भरपूर साठला आहे. शिवाय आपली अनेक मराठी कुटुंबं आज ब्रिटनमध्ये राहतात. त्यांच्या परसात हा पाहुणा कधी येईल सांगता येत नाही.

१) हेजहॉग म्हणजे साळिंदर नव्हे

मुलांना चित्र दाखवलं की ती लगेच "साळिंदर!" म्हणतात. दोघांच्या अंगावर काटे आहेत, पण नातं फार दूरचं आहे. साळिंदर हा कुरतडणारा, म्हणजे उंदराच्या गटातला प्राणी. तो कंदमुळं, साली खातो. हेजहॉगचं नातं चिचुंद्रीशी जवळचं. तो भुंगेरे, अळ्या, गांडुळं खातो. संस्कृतात आणि आपल्या जुन्या ग्रंथांत त्याला 'जाहक' म्हणतात. भारतातही जाहकाच्या जाती आहेत, पण त्या राजस्थान, गुजरातच्या कोरड्या भागात आणि दक्षिणेत तमिळनाडूकडे आढळतात.

ब्रिटनमधल्या पूर्ण वाढलेल्या हेजहॉगच्या अंगावर ५,००० ते ७,००० काटे असतात. आपले केस आणि नखं ज्या केराटिनची बनतात, त्याचेच हे काटे. संकट आलं की तो पळत नाही, अंगाचा गोळा करतो. कोल्ह्यापुढे ही युक्ती बऱ्याचदा चालते, मोटारीपुढे नाही.

ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांच्या २०२० सालच्या लाल यादीत हेजहॉगची नोंद 'असुरक्षित' गटात झाली. शेतांच्या कडेची झुडपी कुंपणं कमी झाली, बागांना भक्कम फळ्यांची कुंपणं आली, रस्ते वाढले, कीटकनाशकांमुळे खाणं कमी झालं. म्हणून तिथे एकेक हेजहॉग वाचवण्याला अर्थ आहे.

२) तो अडचणीत आहे हे कसं ओळखायचं?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण मदतीची गरज नसलेल्या प्राण्याला उचलणं हेही त्याचं नुकसानच.

हेजहॉग निशाचर आहे. त्यामुळे साधा नियम असा : दिवसाढवळ्या उघड्यावर दिसला तर बहुधा काहीतरी बिघडलं आहे. हिरवळीवर अंग पसरून तो 'ऊन खात' पडलेला दिसला, की बघणाऱ्याला गंमत वाटते. प्रत्यक्षात त्याच्या शरीरातली ऊब संपत आलेली असते. डुलत, झोकांड्या खात चालणं, भोवती माशा घोंगावणं, उघडी जखम, गोळा न करता येणं, या सगळ्या धोक्याच्या खुणा आहेत.

याला दोन अपवाद आहेत, आणि ते मुलांना जरूर सांगा. पहिला, उन्हाळ्यातली आई. पिल्लं घरट्यात ठेवून ती दिवसा थोडा वेळ खायला किंवा घरट्यासाठी पानं गोळा करायला बाहेर येते. ती तुरुतुरु, ठरवून कुठेतरी जात असते. तिला उचललं तर मागे पिल्लं उपाशी मरतात. दुसरा अपवाद हिवाळ्यातला. पानांच्या घरट्यात घट्ट गोळा होऊन पडलेला थंडगार हेजहॉग आजारी नसतो, तो शीतनिद्रेत असतो. त्याला पुन्हा पानांनी झाकून ठेवायचं आणि निघून यायचं.

३) पहिला तास : ऊब, अंधार, शांतता

समजा, खरोखर आजारी हेजहॉग सापडला. आता काय?

- जाड हातमोजे घाला किंवा जुना टॉवेल वापरा. उघड्या हाताने उचलू नका. काटे टोचतात हे एक कारण. दुसरं म्हणजे त्याच्या कातडीवर असणारा नायटा माणसालाही होऊ शकतो.
- उंच कडांचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. तळाशी वर्तमानपत्र, वर टॉवेल. हेजहॉग चांगला चढतो, म्हणून कडा उंच हव्यात.
- गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा. उकाडा वाटला तर त्याला सरकायला जागा हवी. पिशवी थंड होऊ देऊ नका. थंड झालेली पिशवी उलट त्याच्या अंगातली ऊब ओढून घेते.
- खोकं शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. कुत्रं, मांजर, टीव्ही आणि उत्साही मुलं यांच्यापासून लांब.
- उथळ ताटलीत पाणी ठेवा.
- वन्यप्राणी बचाव संस्थेला किंवा पशुवैद्याला लगेच फोन करा. ब्रिटनमधले पशुवैद्य जखमी वन्यप्राण्यावर प्राथमिक उपचार करतात.

आणि खाणं? इथे थांबा. अंग गार असताना खायला घालायचं नाही. शरीर थंड पडलं की आतडी काम करत नाहीत, पोटात गेलेलं अन्न पचत नाही. आधी ऊब, मग अन्न. आपल्या घरांत कोणी आजारी असलं की पहिला प्रश्न "काही खाल्लं का?" असा असतो. तो प्रेमाचाच प्रश्न आहे, पण इथे क्रम बदलतो.

४) दूध का नाही?

जुन्या इंग्रजी घरांत हेजहॉगसाठी बागेत दूध-पाव ठेवायची पद्धत होती. हेजहॉग ते आवडीने खायचाही. पण प्राणी एखादी गोष्ट आवडीने खातो म्हणून ती त्याला मानवतेच असं नाही.

गाईच्या दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. हेजहॉगला ती पचत नाही. त्याला जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं. आधीच अशक्त असलेला प्राणी त्याने दगावू शकतो. पावाने पोट भरतं, पण पोषण मिळत नाही.

मग द्यायचं काय? कुत्र्या-मांजरांसाठी मिळणारं मांसाचं खाणं, आणि पाणी. बस्स. बाजारात 'हेजहॉगसाठी' म्हणून वाळलेल्या अळ्या मिळतात, मीलवर्म म्हणतात त्यांना. हेजहॉग त्यांवर अक्षरशः तुटून पडतो. पण त्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी. सतत तेच खाल्लं तर हाडं ठिसूळ होतात. मुलांना हे पटकन कळतं, कारण वेफर्स आणि भाजी-भाकरीची गोष्ट त्यांना घरात रोज ऐकायला मिळते!

५) घरी किती करायचं आणि डॉक्टरांवर किती सोपवायचं

घरी काळजी घेणं म्हणजे घरी डॉक्टर होणं नव्हे. ही रेषा नीट समजली पाहिजे.

हेजहॉगला फुप्फुसात जंत होतात. तो खोकतो, श्वासाचा घरघर आवाज येतो, वजन उतरतं. त्यावर औषध आहे, पण ते वजनाच्या हिशोबाने पशुवैद्यच देऊ शकतो. उन्हाळ्यात जखमेवर माशा अंडी घालतात, काही तासांत अळ्या होतात. हे काम उद्यावर टाकता येत नाही. कधी कधी हेजहॉग चेंडूसारखा फुगलेला सापडतो. त्याच्या कातडीखाली हवा साठलेली असते. पशुवैद्य सुईने ती काढतो आणि मूळ कारण शोधतो. घरी हा प्रयोग कोणी करू नये.

पिल्लांचं तर आणखी अवघड. जन्मतः पिल्लाचे डोळे बंद असतात, ते साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. एवढ्या लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, खास तयार केलेलं दूध थेंबाथेंबाने द्यावं लागतं. नंतर ओल्या बोळ्याने अंग चोळून शी-शू करवावी लागते, जे एरवी आई चाटून करते. हे शिकलेल्या माणसाचंच काम.

मग घरच्या माणसाच्या वाट्याला काय उरतं? बरंच उरतं. वेळेवर ओळखणं, ऊब देणं, पोहोचवणं. अनेक बचाव केंद्रं हिवाळ्यात भरून जातात. तेव्हा उपचार संपलेले, फक्त वजन वाढायचं बाकी असलेले हेजहॉग ती प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या घरी पाठवतात. तिथे रोजचं काम असतं खोकं साफ करणं, खाणं-पाणी बदलणं, वजन करणं, हात धुणं. ते कंटाळवाणं आहे, पण प्राणी जगतो तो या कामावर.

६) वजनाची वही : गणिताचा तास

हेजहॉग बोलत नाही. त्याच्या तब्येतीची भाषा म्हणजे ग्रॅम. म्हणून रोज एकाच वेळी, स्वयंपाकघरात असतो तशा डिजिटल काट्यावर (अर्थात त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या!) वजन करतात आणि लिहून ठेवतात.

वजनाला एवढं महत्त्व का? हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, हेजहॉग शीतनिद्रेत जातो. त्याच्या शरीराचं तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसवरून १० अंशांच्या आसपास किंवा त्याहीखाली येतं. हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण १९० वरून २० पर्यंत उतरतात. एवढा सगळा काळ तो अंगातल्या चरबीवर काढतो. चरबी पुरेशी नसेल तर तो झोपतो आणि उठतच नाही. सप्टेंबरमध्ये उशिरा जन्मलेल्या पिल्लांवर ही वेळ हमखास येते. हिवाळ्याआधी किती वजन हवं याबाबत संस्थांच्या सल्ल्यात थोडा फरक असतो, साधारण ४५० ते ६०० ग्रॅम धरतात.

वर्गात हे उदाहरण घ्या (आकडे सरावासाठी तयार केले आहेत) :

पहिला दिवस ३१२ ग्रॅम
दुसरा दिवस २९८ ग्रॅम
तिसरा दिवस ३०१ ग्रॅम
चौथा दिवस ३१४ ग्रॅम
पाचवा दिवस ३२६ ग्रॅम
सहावा दिवस ३३८ ग्रॅम
सातवा दिवस ३५१ ग्रॅम

प्रश्न : (अ) दुसऱ्या दिवशी वजन का घटलं असेल? (आ) तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत रोज सरासरी किती ग्रॅम वाढ झाली? (इ) याच वेगाने ६०० ग्रॅम व्हायला सातव्या दिवसानंतर किती दिवस लागतील?

उत्तरं बघा. चार दिवसांत ५० ग्रॅम, म्हणजे रोज १२.५ ग्रॅम. उरलेले २४९ ग्रॅम भागिले १२.५, म्हणजे जवळजवळ २० दिवस. पण खरी चर्चा (अ) वर होते. नवी जागा, माणसाचा वास, भीती. पहिल्या रात्री तो नीट खात नाही. मुलं सहज म्हणतात, "सर, आपणसुद्धा नवीन शाळेत पहिल्या दिवशी डबा खात नाही!" इथून पुढे विचारा : तिसऱ्या दिवशीही वजन घटलं असतं तर? तर वाट बघायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. आलेखाचा उपयोग मुलांना इथे समजतो, तो फक्त वहीत काढण्यासाठी नसतो.

७) सोडण्याचा दिवस

आता पाठाचा गाभा. तीन-चार आठवडे सांभाळलेला प्राणी. त्याचं खाणं, त्याचा आवाज, त्याची सवय झालेली. घरातली मुलं त्याला नाव ठेवतात. आणि मग तो दिवस येतो.

तो सोडण्याजोगा आहे हे कशावरून ठरतं? वजन पुरेसं आहे का? घट्ट गोळा होतो का? स्वतः शोधून खातो का? आणि सर्वांत महत्त्वाचं, तो माणसाला घाबरतो का? आपण जवळ गेलो की त्याने फुसफुसून अंग आक्रसून घेतलं तर आपण आपलं काम नीट केलं. तो हातावर येऊन खेळायला लागला तर मात्र काळजीची गोष्ट. माणसाला न घाबरणारा जंगली प्राणी बाहेर फार काळ टिकत नाही. म्हणून जाणकार स्वयंसेवक त्याला मांडीवर घेत नाहीत, त्याच्याशी गप्पा मारत नाहीत, पाहुण्यांना दाखवत नाहीत.

शक्यतो जिथे सापडला तिथेच, अंधार पडताना, कोरड्या आणि फार थंडी नसलेल्या रात्री सोडतात. ती जागा त्याला ठाऊक असते : कुठे पाणी, कुठे आडोसा, कुठल्या कुंपणाला भोक. तीच जागा धोक्याची असेल तरच दुसरी शोधायची.

काही मुलं विचारतील, "पण बाहेर तो मेला तर?" खोटं सांगू नका. मरू शकतो. रस्ता आहे, बिज्जू आहे, थंडी आहे. तरीही सोडायचं, कारण तो एका रात्रीत मैलभरसुद्धा भटकणारा प्राणी आहे. खोक्यात तो सुरक्षित असेल, पण ते हेजहॉगचं जगणं नव्हे. हे उत्तर काही मुलांना लगेच पटणार नाही. पटलं नाही तरी चालेल, प्रश्न त्यांच्याजवळ राहू द्या.

८) कुठे सोडतो हेही महत्त्वाचं

मोठ्या वर्गांसाठी एक खरी घटना. स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ युइस्ट नावाचं बेट आहे. तिथे मुळात हेजहॉग नव्हते. १९७४ मध्ये बागेतल्या गोगलगायी खातील म्हणून कोणीतरी मोजकेच हेजहॉग तिथे नेऊन सोडले. त्यांची संख्या वाढत गेली. त्या बेटांवर टिटवीसारखे अनेक पाणथळीतले पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. हेजहॉगना आयतं खाणं मिळालं आणि पक्ष्यांची संख्या घटू लागली.

२००३ पासून सरकारी संस्थेने हेजहॉग मारायला सुरुवात केली. प्राणिमित्रांनी विरोध केला. पुढे मारणं थांबलं आणि २००७ पासून हेजहॉग पकडून मुख्य भूमीवर नेऊन सोडले जाऊ लागले.

वर्गात दोन गट करा. एक हेजहॉगची बाजू मांडेल, दुसरा टिटवीची. शेवटी विचारा, "यात दोष कोणाचा?" बहुतेक वेळा दोन्ही गट एकाच उत्तरावर येतात : ज्याने विचार न करता प्राणी तिथे नेला त्याचा.

९) आपल्याकडे काय करायचं?

आपल्या महाराष्ट्रात नियम वेगळा आहे, तो स्पष्ट सांगायला हवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी घरात ठेवता येत नाही, अगदी प्रेमाने ठेवला तरी. म्हणून ब्रिटनमधल्या स्वयंसेवकाचं सगळं काम आपण घरी करायचं नाही. आपलं काम पहिल्या तासापुरतं : खोकं, ऊब, अंधार, शांतता आणि फोन. महाराष्ट्र वनविभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे. तो शाळेच्या फलकावर लिहून ठेवा. पुण्यात बावधनला वनविभागाचं वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रही आहे.

खारीचं पिल्लू असो की संक्रांतीत मांज्याने कापलेली घार, गाईचं दूध नको, जबरदस्तीने चोचीत पाणी नको, सेल्फी नको. आणि पिल्लू धडधाकट असेल तर आधी लांबून बघा, आई जवळपास असू शकते.

आणखी एक साम्य. ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटवतात. रचून ठेवलेल्या लाकडांत हेजहॉग झोपायला शिरतात, म्हणून पेटवण्याआधी ढीग तपासा असं तिथे दरवर्षी आवर्जून सांगतात. आपल्या होळीची लाकडंही दोन-दोन दिवस आधी रचलेली असतात. पेटवण्याआधी काठीने हलवून आत बघायला काय हरकत आहे? सरडा, बेडूक, मांजरीची पिल्लं, काहीही असू शकतं.

१०) वर्गासाठी उपक्रम

१. 'पहिला तास' पेटी : पुठ्ठ्याचं खोकं, जुना टॉवेल, हातमोजे, गरम पाण्याची पिशवी आणि १९२६ लिहिलेलं कार्ड. पेटी शाळेत कायम एका जागी ठेवा. दर महिन्याला एका गटाकडे तिची जबाबदारी द्या.

२. 'उचलू की नको?' खेळ : शिक्षक प्रसंग सांगतील, मुलं हात वर करून उत्तर देतील आणि कारण सांगतील. उदा. उडायला शिकणारं, पिसं फुटलेलं पिल्लू झाडाखाली बसलं आहे, आई वर ओरडते आहे. (उत्तर : उचलायचं नाही. कुत्रं-मांजर लांब ठेवायचं.)

३. आलेख : वरील वजनांचा रेषालेख काढा. दुसऱ्या दिवसाच्या बिंदूवर एका वाक्यात कारण लिहा.

४. निबंध : 'सोडून देणं हीसुद्धा काळजीच असते' या विषयावर दहा-बारा ओळी. पाळीव कुत्रं आणि जंगली प्राणी यांतला फरक निबंधात यायला हवा.

पालकांसाठी एवढंच. मूल काही घेऊन आलं तर "फेकून दे ते!" म्हणू नका, आणि "ठेव, आपण पाळू" असंही नको. "थांब, आधी खोकं आण, मग फोन करू," असं म्हणा. मुलाने घेऊन आलेल्या जिवाला जगण्याची एक संधी मिळते. पुढच्या वेळी काय करायचं हेही मुलाला तेव्हापासून ठाऊक असतं.